एक हितचिंतक

१२ जानेवारी, सोमवार

प्राची आज हसली. दुपारी सव्वातीनला, लॅपटॉपकडे बघून, एकटीच. मी चहा घेऊन आत गेलो तर झाकण खाली. "काय लिहितेस?" "ऑफिसचं, बाबा." ऑफिसचं लिहिताना माणूस असा हसत नाही.

ट्रॉम्बेला कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत बत्तीस वर्षं लोकांचे पास आणि पिशव्या बघितल्या. आपणहून पिशवी उघडणाऱ्याबद्दल मला कधी काही वाटलं नाही. मला बघून जो चेन ओढतो, त्याला बाजूला घ्यायचा.

सौ.ला सांगितलं. म्हणाली, "पोरगी हसली तर तुमच्या पोटात दुखतं?" तसं नाही. इस्पितळातून आणून बावीस महिने झाले. गोळ्या वेळेवर, काम घरून. मुलुंडच्या एका प्रकाशकाची मुद्रितं तपासते. सगळं सुरळीत आहे आणि सुरळीत असलं की मला जास्त भीती वाटते. मागच्या वेळीही आधी अशीच हसायची. मग म्हणायला लागली, कोणीतरी बघतंय. बाथरूममध्ये कॅमेरा आहे. कॅमेरा शोधत पंखा उतरवला, शेजारच्यांच्या दारावर लाथा घातल्या. एकोणीस दिवस वॉर्डात होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मी ते घरात आजवर उच्चारलेलं नाही. 'तब्येत' म्हणतो.

गोळ्या मोजल्या. बरोबर आहेत.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. ती सौ.बरोबर लाडू वळायला गेली. हात गरम पाकात, म्हणजे दहा मिनिटं तरी उठणार नाही. लॅपटॉप उघडा. मी कशाला हात लावला नाही, फक्त उभं राहून पाहिलं. वर मोठ्या अक्षरांत 'गाऱ्हाणं'. ब्लॉग आहे. नाव लक्षात ठेवलं, मोबाईलवर शोधलं, लगेच सापडलं. इतकं उघड्यावर.

गच्चीवर जाऊन वाचत बसलो. दीड तास. लाडू खायला बोलावलं तेव्हा खाली उतरलो.

स्वतःचं नाव दिलेलं नाही. बाकी सगळं दिलंय. वॉर्डातला पिवळा दिवा, पंखा, नर्सने केस विंचरले ते. माझ्याबद्दल 'आमचे गेटवाले बाबा'. मी नातेवाइकांना ती ट्रेनिंगला बंगळूरला गेली असं सांगितलं होतं, तेही लिहिलंय. खाली कोणीतरी विचारलंय, "तुझं बंगळूर किती दिवसांचं होतं? माझं पंधरा." तिथे आता वॉर्डाला बंगळूरच म्हणतात.

आणि हे. उतरवून ठेवतो.

"आमच्या कोकणातल्या घरांत देवापुढे नारळ ठेवून घरचा माणूस गाऱ्हाणं घालतो. घरात काय दुखतंय ते मोठ्याने सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बस, एवढंच. कोणी सल्ला देत नाही. आमच्या घरी माझे बाबा घालतात. काकांचा गुडघा येतो, सोसायटीचा पाण्याचा पाईप येतो. माझा आजार अजून एकदाही आलेला नाही. म्हणून हे पान."

पाईपचं खरं आहे. गेल्या वर्षी घातलं होतं.

१५ जानेवारी, गुरुवार

सौ.ला काही सांगितलं नाही. आधी चौकशी पूर्ण करू.

वाचणारे नेहमीचे नऊ-दहा जण. सगळे टोपणनावाने. एकाचंही धड नाव नाही, पत्ता नाही. तिच्या प्रत्येक लेखाखाली ओळीने 'व्हय म्हाराजा', 'व्हय म्हाराजा'. एक 'कंदील' नावाची मुलगी लिहिते, की तुझं वाचलं म्हणून आज गोळी फेकली नाही. ठीक आहे. हे चांगलं आहे असं समजू. पण लोक फुकट चांगलं का वागतील?

आणि एक 'खाडीवाला'. माहुलचा आहे असं त्यानेच एकदा लिहिलंय. रोज हजर. सोमवारी प्राचीला विचारतो, "आज आंघोळ केलीस का?" दुसऱ्याच्या मुलीला. खाली पुढे: "माझी आज तिसऱ्या दिवशी झाली. तुझ्या नावाने दोन तांबे जास्त घेतले." आणि ह्यावर आमची मुलगी हसते. सव्वातीनचं हसणं ते हेच.

१७ जानेवारी, शनिवार

खाडीवाल्यावर नजर ठेवायची तर आत शिरावं लागणार. खातं उघडलं. नाव काय घ्यावं ह्यावर सकाळ गेली. शेवटी 'एक हितचिंतक' घेतलं. सभ्य वाटतं. आमच्या ऑफिसात साहेबांविरुद्ध निनावी पत्रं यायची त्यांच्या खाली हीच सही असायची, हे नंतर आठवलं. तोवर बदलता येईना.

लिहिलं: "आपण कुठे राहता? आपल्या घरच्यांना हे लिखाण माहीत आहे का? आपल्याला भेटायला कोण कोण येतं?"

तासाभराने खाडीवाल्याचं उत्तर: "हितचिंतक, वरचा नियम वाचला नाहीत वाटतं. इथे आत येताना आधी स्वतःचं एक गाऱ्हाणं सांगायचं. मग दुसऱ्याला विचारायचं."

मला गेटवर अडवला. मला.

१८ जानेवारी, रविवार

स्वतःचं काय सांगायचं. मला काही झालेलं नाही. काहीतरी ठोकून द्यायचं म्हणून लिहिलं, "घराच्या दाराची कडी लागली आहे की नाही हे मी पुन्हा पुन्हा तपासतो. बाहेर पडलो की जिन्यावरून दोनदा परत येतो." लिहून झाल्यावर लक्षात आलं की हे ठोकून दिलेलं नाही.

'व्हय म्हाराजा' पाच जणांनी लिहिलं. खाडीवाल्यानेही. प्राचीने उत्तर दिलं:

"हितचिंतक, मी पण कुलूप ओढून ओढून बघायचे. मला एका बाईंनी वॉर्डात शिकवलं. परत जायच्या आधी जिथे असाल तिथे थांबून एक वाक्य लिहायचं. काय वाटतंय तेवढंच. मग हवं तर जा. मी बहुतेक वेळा जात नाही."

सात-आठ वेळा वाचलं. ती आत पोळ्या लाटायला मदत करत होती आणि मी बाहेर तिचं वाचत होतो. माझ्याशी ती एवढं सलग बोलून दोन वर्षं झाली असतील.

२० जानेवारी, मंगळवार

भाजी आणायला निघालो. दुसऱ्या मजल्यावर थांबलो. ही वही बरोबर होती. लिहिलं: "आत ती एकटी आहे आणि मी नसताना काही झालं तर." परत गेलो नाही. मेथी आणली.

खाडीवाल्याबद्दल मत कायम.

२२ जानेवारी, गुरुवार

माघी गणपती. दरवर्षीप्रमाणे नारळ ठेवला. बाळाभाऊ, माझा चुलतभाऊ, आणि वहिनी जोगेश्वरीहून आले होते. गाऱ्हाणं मीच घातलं. वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बाळाभाऊच्या जावयाची बदली, गावच्या घराचा कोसळलेला पडवीचा कोपरा. प्राचीच्या तब्येतीचं ओठांवर आलं होतं. ती समोर प्रसादाचं ताट घेऊन उभी. बाळाभाऊकडे बघितलं आणि म्हटलं, "आणि ज्या कोणाचा जा काय आसात, ता दूर कर म्हाराजा."

सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" प्राची म्हणाली. माझ्याकडे बघत.

दुपारी तिने लिहिलं, "आज मी 'ज्या कोणाचा' मध्ये होते." एवढी एकच ओळ. खाली बारा जण 'व्हय म्हाराजा'. मी पण लिहिलं. दुसरं काय लिहिणार.

२४ जानेवारी, शनिवार

पानावर खाडीवाला काल म्हणाला, "शनिवारी नेहमीच्या जागी." म्हणजे भेटतात. जागा लिहिलेली नाही. हुशार आहे.

प्राची साडेचारला निघाली. "मैत्रिणीकडे जाते." मी पाच मिनिटांनी उतरलो तर ती कोपऱ्यावर रिक्षा बघत उभी. मी पण रिक्षा केली, पुढचीच्या मागे घे म्हटलं. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "काका, पुढे काकू काय?" उत्तर दिलं नाही.

चेंबूरला एक बाग. पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर चौघं. प्राची, चष्म्यातली एक कॉलेजातली मुलगी, मोठी पिशवी घेतलेल्या एक बाई, आणि खाडीवाला. तोच असणार. पन्नाशीचा, काळा, रुंद, निळी टोपी. पेरू आणले होते, तिखट-मीठ लावून खात होते. मी उसाच्या रसाच्या गाडीआड उभा, दोन ग्लास प्यालो. एकूण पंचावन्न मिनिटं. त्यात त्यांनी काय केलं? पेरू खाल्ले. मग चौघांनीही गप्प बसून आपापल्या मोबाईलवर काहीतरी लिहिलं, एकमेकांना वाचून दाखवलं. बाई रडल्या. टोपीवाल्याने त्यांना पेरूची फोड दिली. बस.

एकदा प्राचीने मान वळवून सरळ माझ्याच दिशेला पाहिलं. मी बुटाची लेस बांधायला वाकलो. पायात चपला होत्या.

पाहिलं असेल का? घरी आल्यावर काही बोलली नाही. जेवली नीट.

२७ जानेवारी, मंगळवार

काही नाही. दाढ दुखते.

हितचिंतकाला आता बरेच जण उत्तरं देतात. कंदीलने विचारलं, आज कडी किती वेळा? मी लिहिलं, एकदा. तिने टाळ्यांचं चित्र पाठवलं. बासष्ट वर्षांच्या माणसाला टाळ्यांचं चित्र मिळालं आणि तो दिवसभर खूश होता, हे कोणाला सांगायचीही सोय नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

उद्या परत शनिवार. राहवलं नाही. मुलीच्या भल्यासाठीच आहे, दुसरं काही नाही. लिहिलं:

"मुलींनी परक्या पुरुषाला बागेत पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर भेटणं योग्य नव्हे. निळ्या टोपीच्या इसमापासून सावध राहावे."

रिपोर्टात जागा आणि वर्णन अचूक लिहायचं, ही बत्तीस वर्षांची सवय. पाठवलं आणि मग पुन्हा वाचलं. बाग, टाकी, टोपी, ह्यातलं काहीच त्या पानावर कधी कोणी लिहिलेलं नव्हतं.

पुसता येत होतं. पुसायला गेलो तोवर खाली खाडीवाल्याचा प्रश्न: "हे तुम्हाला कसं माहीत?"

१ फेब्रुवारी, रविवार

काल ती गेली नाही. कोणीच गेलं नसावं.

पानावर शांतता. कंदीलने लिहिलं, मला भीती वाटते, मी काही दिवस येत नाही. आणखी एका बाईंनीही निरोप घेतला, बहुतेक त्या पिशवीवाल्या. प्राचीचं शीर्षक: "कोणीतरी बघतंय." मजकूर नाही.

हितचिंतक गप्प आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

स्वयंपाकघरात ती सौ.ला म्हणाली, "आई, मला कोणीतरी बघतंय गं. खरंच बघतंय." मी पेपर वाचत होतो. सौ.च्या हातातली परात ओट्यावर आपटली. दोन वर्षांपूर्वी हेच शब्द, ह्याच ओट्यापाशी.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तिने काळी चिकटपट्टी लावलीय. खोलीचा पडदा दिवसाही ओढलेला. सौ. देवघरासमोर बसून रडली आणि मग डॉक्टरांना फोन लावला. शुक्रवारची वेळ.

मी सांगायला हवं होतं. आत्ता, ताबडतोब. मी मेथी निवडायला बसलो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आम्ही तिघं चेंबूरला डॉक्टरांकडे. डॉक्टर चांगले आहेत, सगळं ऐकून घेतात. प्राची अगदी शांतपणे बोलली. "मला माहितीये डॉक्टर, हे मला आधीही वाटलं होतं. पण ह्या वेळी पुरावा आहे." तिने मोबाईल पुढे केला.

डॉक्टरांनी वाचलं. म्हणाले, "पुरावा त्या वेळीही होता ना, प्राची? पंख्यात." आवाज मऊ होता. "असा एखादा आगाऊ माणूस इंटरनेटवर असतोच. त्याने बरोबर बाक ओळखला, हा योगायोग असू शकतो. पण तू झोपत नाहीस, पडदे ओढतेस, त्याकडे मला बघावं लागेल."

मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील तसं."

असंच लिहितो, तसं झालं म्हणून. मी म्हणालो, डॉक्टर सांगतील तसं.

डोस वाढवला. आजपासून.

९ फेब्रुवारी, सोमवार

अकराला उठली. जीभ जड. मुद्रितं तपासायला बसली तर ओळी हलतात म्हणाली. प्रकाशकाला आठवड्याची रजा कळवली. तिचा हात धरून बाथरूमपर्यंत नेली. तिने सगळा भार माझ्यावर टाकला. माझ्यावर विश्वास आहे तिचा.

गोळ्या मोजल्या नाहीत. कुठल्या तोंडाने मोजू.

१० फेब्रुवारी, मंगळवार

तिने लिहिलंय. चुका भरपूर आहेत, तिच्या लिहिण्यात एरवी एक सापडणार नाही.

"बहुतेक माझंच डोकं आहे. हितचिंतक कदाचित साधा माणूस असेल आणि मीच कधीतरी बाकाबद्दल लिहिलं असेन आणि विसरले असेन. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नसेल तर कशावर लिहायचं? रविवारी पान बंद करते. सांभाळून राहा सगळे."

खाली एकट्या खाडीवाल्याचं उत्तर, तिला नाही, मला:

"हितचिंतक, तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे. तुमच्याबद्दल माझी तक्रार नाही, पोलिसात जाणार नाही, काही नाही. तुम्ही आम्हाला पाहिलंत, एवढं एकदा कबूल करा. मी समुद्रावर होडी नेणारा माणूस, सहा वर्षं ह्या आजारात आहे. मला माहितीये, जे खरं दिसलं ते खोटं मानायला लागलं की माणूस आत कुठे जातो. तिला तिकडे पाठवू नका."

ज्याला मी आत येऊ देत नव्हतो तो हा. आणि आत शिरलेला मी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सौ.ला सांगितलं. सगळं, रिक्षापासून. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"तुम्ही? तुम्ही होय?"

मला वाटलं ओरडेल. पण नंतर जे म्हणाली त्याने मी जास्त घाबरलो. "आता सांगू नका. ती पार मोडेल. डॉक्टरांना एकट्याने भेटा, गोळी कमी करून घ्या. ते पान बंद होईल, महिन्याभरात विसरेल. आपल्यावरचा विश्वास गेला तर तिला आहे कोण?"

ह्यात तथ्य आहे. सौ. मूर्ख नाही. सांगितलं नाही तर मुलीचा बाप शाबूत राहतो आणि तिचं डोकं जातं. सांगितलं तर उलट. दोन्ही वाचवायची वाट मी तीन दिवस शोधतोय.

दुसऱ्या मजल्यावर आज उगाचच थांबलो. वाक्य लिहिलं: "मला भीती तिची नाही, माझी आहे."

१४ फेब्रुवारी, शनिवार

हितचिंतकाच्या नावाने कबुली लिहिली. पुसली. निनावीच ती. खाडीवाल्याला समाधान मिळेल, हिला परत तेच. हा कोण, कुठे आहे, आत्ता बघतोय का.

नारळ आणला. सौ.ने पिशवीत बघितला, विचारलं नाही कशाला.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुपारी चारला प्राची हॉलमध्ये येऊन बसली, लॅपटॉप मांडीवर. पान बंद करायला. मी देवासमोर पाट ठेवला, नारळ ठेवला, हात जोडले. आज गाऱ्हाण्याचा दिवस नाही. तिने मान वर केली.

मी आमच्या भाषेतच घातलं. दुसऱ्या भाषेत धीर झाला नसता.

"बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक, प्राचीक, बायपोलर आसा. दोन वर्सां झाली. मी तुका कधी सांगूक नाय, लोकांच्या लाजेन."

प्रत्येक वाक्यानंतर जी जागा सुटते तीत नुसता फ्रिजचा आवाज.

"ता म्हणता कोण तरी बघता. ता खरा सांगता म्हाराजा. बघणारो मीच. हितचिंतक तो मीच. बागेत गेलंय तो मीच. डॉक्टरांफुडे गप रवलंय तो पण मीच. तेच्या डोक्याचो काय एक दोष नाय."

मग मागून सौ.चा आवाज आला. फुटलेला. "व्हय म्हाराजा."

प्राचीचं 'व्हय म्हाराजा' आलं नाही.

मी वळलो. ती रडत नव्हती. औषधाने चेहरा जड होता, पण डोळे तिचे होते. म्हणाली, "लेस बांधत होतात."

"हो."

"चपला होत्या पायात."

"हो."

"मी तुम्हाला ओळखलं होतं, बाबा. त्याच दिवशी." थांबून थांबून बोलत होती. "मग मीच म्हटलं, नाही, असं नसणार. मागच्या वेळी मला आईचासुद्धा संशय आला होता ना. डॉक्टरांना सगळं सांगितलं, हे नाही सांगितलं. सख्ख्या बापावर संशय म्हटल्यावर त्यांनी मला दाखल केलं असतं."

मी पाटावरचा नारळ सरळ केला.

"मी तुम्हाला विचारलं होतं. तिथे. मला वाटलं एवढं विचारलं तर सांगाल."

लॅपटॉप मिटून खोलीत गेली. पान बंद केलं की नाही कळलं नाही. बघितलं नाही मी. आता बघणार पण नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल तिघं डॉक्टरांकडे गेलो. मीच बोललो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि प्राचीची माफी मागितली, सरळ शब्दांत. मला बरंच सुनावलं, तेही सरळ. डोस हळूहळू खाली आणायचा. पडदे का ओढले होते ह्याचं कारण आता कागदावर आहे.

माझ्याशी बोलत नाही. सौ.मार्फत निरोप येतात. चहा गार होतोय, बाबांना सांग.

हितचिंतकाचं खातं काढून टाकलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सौ.कडून कळलं, पान चालू आहे. तिने खाडीवाल्याला फोनवर सांगितलं म्हणे, "चोर सापडला. घरातलाच निघाला." तो काय म्हणाला असेल? मला विचारायचा हक्क नाही. कंदील परत आली का, हेही विचारलं नाही. ती मुलगी गोळी घेते की नाही ही काळजी मात्र जात नाही.

कडी चार वेळा.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दात घासत होतो. प्राची दारात येऊन उभी राहिली. आठवडाभरात पहिल्यांदा थेट माझ्याशी.

"तुम्ही वहीत काहीतरी लिहिता. जिन्यात थांबून."

"हो. तूच सांगितलं होतंस. म्हणजे, त्याला."

"तुम्ही माझं सगळं वाचलंत. आता तुमचं द्या."

तोंडात फेस. मान हलवली. ती गेली.

दिवसभर वही चाळतोय. खाडीवाल्याबद्दल जे जे लिहिलंय, मेथी, "डॉक्टर सांगतील तसं". तीन पानं फाडायची फार इच्छा झाली. ती मुद्रितं तपासणारी आहे, फाटलेलं पान तिला सगळ्यांत आधी दिसेल. ते कारण नाही खरं तर. फाडली तर मग काय राहिलं.

फाडलेली नाहीत, प्राची. सगळी आहेत. मोजून बघ.

हे वाचून तू पुन्हा माझ्याशी बोलशील, असं मी धरलेलं नाही. धरायचा प्रयत्न करतो आणि सोडतो. तुझ्या पानावर मी खोट्या नावाने शिरलो, पण तिथे जे मला मिळालं ते खोटं नव्हतं, एवढं लिहायचं राहिलं होतं.

आता उठून वही तुझ्या टेबलावर ठेवतो, लॅपटॉपच्या शेजारी. पेनही ठेवतो. खाली दोन ओळींची जागा सोडली आहे. तिथे दोनच शब्द लिहायचे असतात. किंवा नाही लिहायचे.